मधल्या किमतीचे वाद्य

पनवेलच्या लाइन आळीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या घरी एक वाद उपस्थित झाला आणि तो मिटविण्यासाठी प्रस्तुत लेखकास बोलावणे आले. घरातील धाकट्या मुलास विजेवर वाजणारी गिटार घ्यावयाची होती. त्याने दोन गिटारी पाहून ठेविल्या होत्या. आकार तोच, रंग तोच, तारा सहाच. पण एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट. महाग गिटारीच्या माथ्यावर अमेरिकेतील मूळ कारखान्याचे नाव होते, आणि स्वस्त गिटारीवर त्याच कारखान्याच्या मालकीचे, पण दुय्यम मानलेले नाव. वडिलांचे म्हणणे असे, की शिकावयाचेच असेल तर स्वस्तातली घ्यावी. मुलाचे म्हणणे असे, की जी वस्तू जन्मभर जवळ बाळगावयाची ती दुय्यम का घ्यावी? दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता.

इतक्यात कोपऱ्यात बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, “हे सगळं मामंजींनी पेटी आणली तेव्हाही झालं होतं. ती पॅरिसची, म्हणून केवढे पैसे मोजले त्यांनी! सासूबाई वर्षभर बोलत होत्या.” आणि त्यांनी कपाटावर कापड घालून ठेविलेल्या पेटीकडे बोट दाखविले. त्या एका वाक्याने आमचे लक्ष गिटारीवरून पेटीकडे गेले, आणि मग असे ध्यानात आले, की उत्तम वाद्य कोणते व पुरेसे वाद्य कोणते हा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या घरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच एकदा सोडविलेला आहे. फक्त तो कसा सोडविला ह्याचा आपणांस विसर पडला आहे.

हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा. अलेक्झांद्र दबँ ह्या कारागिराने १८४२ साली त्या नावाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी, १८४३ साली, सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु पुढे मराठी संगीत नाटकाची आणि ह्या परदेशी वाद्याची अशी काही जोडी जमली, की एकाची आठवण काढताच दुसऱ्याचा सूर कानी यावा. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. गाणारे नट वाढले, नाट्यगृहे मोठी झाली, मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा भरदार व न डळमळणारा सूर हवासा झाला. तो पायपेटीने आणि पुढे ऑर्गनने पुरविला. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तर पेटीस साथीच्या चाकरीतून उचलून स्वतंत्र वादनाच्या गादीवर बसविले. ज्यांनी १९११ साली ‘मानापमाना’च्या चाली बांधिल्या, त्यांच्या बोटांस ह्या वाद्याच्या मर्यादा ठाऊक नव्हत्या असे कोण म्हणेल? पेटीवर मींड निघत नाही, हे त्यांस इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते. तरी एका पट्टीचा सूर पुरता मावळण्याच्या आत दुसरी पट्टी दाबून ते मींडेचा भास उत्पन्न करीत, आणि ऐकणारा त्या भासावर संतुष्ट होई.

परंतु नाटक कंपनीस परवडणारे वाद्य घरात येत नाही. घरात जी आली ती हातपेटी. १८७५ साली कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनी वाद्यांचे दुकान काढिले. तेच पुढे ‘द्वारकिन’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. एका हाताने भाता मारावयाचा, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबावयाच्या, आणि मांडी घालून बसावयाचे, अशी ही सुटसुटीत पेटी त्यांनी पुढील दशकात प्रचारात आणिली. पाय मोकळे झाले, खुर्ची गेली, लाकूड कमी लागू लागले आणि किंमत उतरली. ज्यास आपण भारतीय हार्मोनियम म्हणतो तो मुळात स्वस्त आवृत्तीच होय, हे येथेच नमूद करून ठेवणे बरे. मुंबईतही कारखाने निघाले. हरिभाऊ विश्वनाथ ह्यांची १९२५ साली स्थापन झालेली पेढी आजही मराठी घरांतून नावाने ओळखली जाते.

ह्या पेट्यांची प्रत ठरत असे ती आतल्या रिडांवरून. रीड म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाशी रिव्हेट मारून बसविलेली पितळेचीच पातळ जीभ. खालच्या खाचेतून हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. जिभेचे टोक खरवडले तर सूर चढतो, बूड खरवडले तर उतरतो. एवढ्या एका क्रियेत पेटी मिळविण्याची सारी विद्या साठविलेली आहे. बाजारात वरची प्रत पॅरिसच्या रिडांची. तिच्याच पंक्तीस ‘ज्युबिलेट’ ह्या छापाचे जर्मन रीड बसत. पुढे सौराष्ट्रातील पालिताण्यास रीड घडविणारे कुशल कारागीर तयार झाले, आणि महायुद्धांच्या काळात युरोपातील माल येणे जसजसे दुर्घट होत गेले तसतसे पालिताण्याचे महत्त्व वाढले. पालिताण्याच्या हातघडणीच्या रिडांखाली यंत्राने ठोकून काढिलेले स्वस्त रीड. अशी ही उतरंड. हल्लीच्या गिटारीच्या दुकानातील उतरंडीहून ती फारशी वेगळी नाही.

आता किमतीच्या फरकात नेमके काय मिळते ते पाहू. खालची पेटी आणि मधली पेटी ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. खालच्या पेटीचा भाता गळतो, पट्टी दाबली असता खटखट वाजते, एक सूर मोठा तर शेजारचा दबलेला, आणि पावसाळा गेला की निम्मे सूर बिघडलेले. आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर अशी पेटी दोन चातुर्मासही धड काढीत नाही. शिकणाऱ्याचा कान ती बिघडविते, आणि आपलाच गळा वाईट असे त्यास वाटू लागते. ह्या कारणास्तव अगदी स्वस्त वाद्य हेच सर्वांत महाग पडते असे आमचे मत आहे. परंतु मधल्या पेटीतून वरच्या पेटीत जाताना अंतर एकदम आखडते. पॅरिसचा रीड हलक्या हवेवरही चटकन बोलतो, त्याच्या आवाजास एक गोलाई असते, आणि एकदा मिळविला की तो वर्षानुवर्षे टिकतो. हे गुण खरे आहेत, कल्पित नव्हेत. मात्र ते ओळखण्यास कान तयार लागतो आणि उपयोगात आणण्यास हात. ज्या घरी संध्याकाळी परवचा झाल्यावर दोन अभंग म्हणावयाचे, त्या घरी पॅरिसच्या रिडाने अभंग अधिक रंगला असा पुरावा कोणी दिलेला नाही.

शिवाय काही दोष असे असतात, की ते किमतीने हटत नाहीत. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले तर आपल्या गवयाचा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ भागांवर लागतो. पाश्चात्त्य पद्धतीने बारा समान तुकडे पाडून मिळविलेल्या पेटीत तो ४०० वर बसविलेला असतो. म्हणजे चौदा भाग चढा. हा दोष पॅरिसच्या पेटीत जितका, तितकाच शेजारच्या भजनी मंडळाच्या पेटीत. येथे पैसा हरतो.

पैसा आणि विद्या दोन्ही लावून हा दोष जिंकण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, आणि तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेपुटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून १९१० साली इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांस साताऱ्याचे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांचे पाठबळ मिळाले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचा गळा कसोटीस मिळाला. ह्या खटपटीतून श्रुतींचा हार्मोनियम सिद्ध झाला. तो लंडनच्या मूर अँड मूर ह्या कारखान्यात घडविण्यात आला. ह्याहून उंची पेटी ती कोणती? गणित सांगलीचे, न्यायबुद्धी साताऱ्याची, कारागिरी लंडनची! १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींची पुष्कळ चर्चा झाली, पण एकमत झाले नाही. ती पेटी घरोघर गेली नाही. वाजविणाऱ्यास अधिक पट्ट्यांचा हिशेब ठेवावा लागे, दुरुस्त करणारा गावात सापडत नसे, आणि गवई गवयागणिक श्रुतींविषयीचे मत बदले. देवलांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध करून तो धागा पुन्हा हाती घेतला ह्याचाही आनंद आहे. परंतु जे वाद्य पनवेलच्या, चिपळूणच्या, बार्शीच्या घरांत शिरले ते चौदा भाग चढ्या गंधाराचेच.

सरकारनेही एकदा ह्या प्रकरणात हात घातला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियम वाजविण्यास बंदी झाली. त्या वेळी लायोनेल फील्डन हे त्या खात्याचे मुख्य होते. रवींद्रनाथांसही हे वाद्य नावडते होते, त्यामुळे बंदीस प्रतिष्ठा मिळाली. ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि १९७१ नंतर हळूहळू सैल झाली. गंमत अशी, की बंदीच्या आज्ञेत पॅरिसची कोणती व पालिताण्याची कोणती असा भेद नव्हता. नभोवाणीच्या दृष्टीने साऱ्याच पेट्या एका प्रतीच्या. आणि इकडे त्याच तीस वर्षांत भजनी मंडळे, शाळा, कीर्तने आणि बैठकीच्या खोल्या ह्यांतून पेटी बिनबोभाट वाजतच राहिली. मधल्या किमतीच्या वाद्याचे हे एक बळ आहे. ते इतक्या घरांत पसरलेले असते, की त्यावर कोणाचाही हुकूम चालत नाही.

पेटीवरून मिरजेच्या तंबोऱ्याकडे वळणे भाग आहे, कारण किंमत कशात असते आणि सूर कशात असतो, ह्याचा उलगडा तेथे अधिक स्पष्ट होतो. मिरजेतील शिकलगार हे मूळचे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यांच्यातील काही कुटुंबे तंबोरे घडवू लागली. भीमाकाठच्या पंढरपूर भागातून भोपळे यावयाचे, ते वाळवून कापावयाचे, त्यांवर तबली व दांडी चढवावयाची, असा हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या तंबोऱ्यांच्या दुकानात गेले असता दोन वाद्ये शेजारी ठेविलेली दिसतात. एकावर पूर्वी हस्तिदंताची, आता प्लास्टिकची वेलबुट्टी, कोरीव पाने, झळाळते रोगण, दुसरे साधे. ग्राहकाचा डोळा पहिल्यावर जातो. पण जाणता गवई डोळे मिटून तार छेडतो. तंबोऱ्याचा प्राण जवारीत. घोडीच्या पृष्ठभागास कानसून असा अगदी मंद उतार द्यावयाचा, की तार त्यावर टेकत-सुटत झणकारली पाहिजे. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी साधावयाची. हे काम ज्याच्या हातास साधले त्याने साध्या तंबोऱ्यातून गंधार बोलविला, आणि ज्यास साधले नाही त्याची वेलबुट्टी मुकी राहिली. लाकूड व भोपळा ह्यांचे महत्त्व आहेच. तरी जवारी ही काही जन्मभरासाठी विकत घेता येणारी वस्तू नव्हे. ती झिजते, आणि पुन्हा पुन्हा काढावी लागते.

ही जवारी मनात ठेवून आपण त्या मुलाच्या गिटारीकडे परत जाऊ. विजेच्या गिटारीचा वंश फार जुना नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ; त्यास स्वतःस गिटार वाजविता येत नसे. १९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणिली; ती पुढे ‘टेलिकास्टर’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. पूर्वीचे कारागीर गिटारीची मान सरसाने कायमची जोडीत; फेंडरने ती चार स्क्रूंनी आवळली. बिघडली तर काढावी, दुसरी लावावी. तारांखाली चुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्यात वीज उत्पन्न व्हावयाची व ध्वनिवर्धकातून सूर निघावयाचा. म्हणजे आज ज्या नावास लोक देव्हाऱ्यात बसवितात, ते मूळचे झटपट व सोप्या उत्पादनाचे नाव. कलकत्त्याच्या हातपेटीची आणि ह्या गिटारीची जातकुळी एकच म्हणावयाची!

१९६५ साली फेंडरने आपला कारखाना सी.बी.एस. ह्या मोठ्या कंपनीस विकला. माल वाढला आणि प्रत घसरली. त्याच सुमारास जपानी कारखानदार ह्या जुन्या गिटारींच्या नकला काढू लागले, आणि त्या नकला अस्सल मालाहून अधिक नेटक्या निघू लागल्या. कंपनीची तारांबळ उडाली. शेवटी १९८२ साली तिने जपानातच भागीदारी केली आणि मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात गिटारी करवून घेण्यास आरंभ केला. त्यांतील स्वस्त मालिकेस तारा विकणाऱ्या एका जुन्या कंपनीचे, ‘स्क्वायर’ हे नाव दिले. ह्या आरंभीच्या स्क्वायर गिटारी त्या काळच्या अमेरिकन गिटारींहून सरस होत्या असे पुष्कळ जाणकार मानतात, आणि आज संग्राहक त्यांसाठी मोठ्या किमती मोजतात. १९८५ साली कंपनीच्याच माणसांनी ती सी.बी.एस.कडून विकत घेतली. तेव्हापासून मूळ नावाची गिटारही पुन्हा सुधारली. तेव्हा केवळ माथ्यावरचे नाव वाचून प्रत ठरविणाऱ्याने निदान साल तरी वाचावे.

येथे एक शंका येईल. महाग गिटारीत काहीच अधिक नसते काय? असते. लाकडाची निवड, पडद्यांची घासून गोल केलेली टोके, सूर न सोडणाऱ्या खुंट्या, बिनखरखरीचे वीजजोड, हे सारे तीत असते, आणि रोज चार तास वाजविणाऱ्यास ते जाणवतेही. परंतु पेटीच्या बाबतीत जे पाहिले तेच येथेही दिसते: खालच्या प्रतीहून मधली शतपट बरी, आणि मधलीहून वरची थोडी बरी. त्या थोड्यासाठी किती द्यावयाचे, हा प्रश्न ज्याचा त्याचा. आमची तक्रार एवढीच, की बहुतेक घरे सारे पैसे वाद्यात घालतात आणि ते लावून घेण्यासाठी दमडीही शिल्लक ठेवीत नाहीत. नव्या गिटारीच्या तारा पुष्कळदा उंच बसविलेल्या असतात. बोटे दुखतात, वरच्या पडद्यांवर सूर चढतो, आणि मूल महिन्याभरात गिटार खाटेखाली सारते. कुशल कारागिराने मानेचा बाक, तारांची उंची आणि घोडीवरील लांबी नीट करून दिली, की तीच गिटार दुसरी होते. मिरजेत ज्यास जवारी म्हणतात त्याच जातीचे हे काम आहे. १९९१ पूर्वी परदेशी माल दुर्मिळ असताना आमच्याकडील तरुणांनी कलकत्त्याच्या बनावटीच्या गिटारींवर हात बसविला, तोही अशाच कोण्या अनाम कारागिराच्या कानशीच्या जोरावर.

लाइन आळीतील निकाल असा लागला. मधल्या किमतीची गिटार घ्यावी, तिच्यातून वाचलेल्या रकमेचा एक लहानसा अंश ती लावून घेण्यात खर्चावा, आणि त्याच फेरीत आजीबाईंची पेटीही दुरुस्तीस द्यावी. मुलाचा चेहरा थोडा उतरला, हे लपविण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, “काका, म्हणजे चांगली मला कधीच मिळायची नाही.” त्यास आम्ही काही उत्तर दिले नाही.

पंधरा दिवसांनी पेटी उघडलेल्या स्थितीत आम्ही कारागिराच्या ओट्यावर पाहिली. घरातील समजूत अशी, की पेटी आत-बाहेर पॅरिसची. कारागिराने रिडांची एक ओळ काढून दाखविली. खर्जाची ओळ जुन्या परदेशी रिडांची होती; वरची नर सुरांची ओळ मात्र सबंध पालिताण्याची. कधी काळी कोणीतरी ती बदलली असावी, किंवा आरंभापासूनच तशी असावी. ज्यांस विचारावे ती माणसे आता नाहीत. आजीबाईंस हे सांगावे की न सांगावे ह्याचा घरात बराच खल झाला. अखेर नातवानेच सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं सासूबाईंना कळलं नाही ते. त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.”

पेटी घरी आली त्या संध्याकाळी मुलाने गिटार काढिली आणि दोन्ही वाद्ये एकत्र वाजविण्याचा प्रयत्न केला. सूर जुळेना. गिटार त्याने यंत्रावर पाहून हल्लीच्या मापास, सेकंदास ४४० कंपनांवर, मिळविली होती; ते माप १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरले. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ठरविलेले माप ४३५ चे होते, आणि पेटीतील जुना खर्ज साधारण तेवढाच उतरलेला होता. कारागिरानेही पालिताण्याची ओळ त्या खर्जासच मिळवून दिली होती. पेटीचे सूर काही घरी बसून चढविता येत नाहीत. तेव्हा मुलाने एकेक खुंटी पिळून नवी गिटार थोडी खाली आणिली, आणि आजीबाईंनी भाता ओढला.